स्त्री-आरोग्य फिजिओथेरपीचे तज्ज्ञ-प्रशिक्षण

गर्भारपण, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ आणि स्तनाच्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया या टप्प्यांवर स्त्रीच्या स्नायूंना व सांध्यांना पुन्हा बळ देणे, हे स्त्री-आरोग्य फिजिओथेरपीचे काम. तिचा गाभा आहे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना हा तळ खालून आधार देतो. बाळंतपणात तो ताणला वा फाटला तर खोकताना-शिंकताना लघवी सुटते, कुणाचे पुढे अंग बाहेर येते. बायका हे वयावर ढकलून वर्षानुवर्षे सोसतात, आणि तसे सोसण्याची बहुतेकींना गरज नसते. अर्नॉल्ड केगल या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत मांडली. २०१८च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, खोकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के बऱ्या झाल्याचे सांगतात. न करणाऱ्यांत हे प्रमाण अवघे ६ टक्के.

व्यायाम साधा वाटतो, शिकवणे अवघड. हे स्नायू बाहेरून दिसत नाहीत. ‘आत ओढून धरा’ म्हटले की अनेकजणी श्वास कोंडतात, मांड्या आवळतात किंवा उलट खाली जोर देतात. म्हणून स्त्रीची संमती घेऊन आतून तपासणी करावी लागते आणि स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत ठरवावी लागते. ही बोटांची समज पुस्तकातून येत नाही. लाजेने दाबलेली तक्रार बोलती करणे हेही कौशल्यच, आणि तेही जाणत्या माणसाजवळ बसूनच शिकता येते.

अमेरिकेत त्यासाठी पदवीनंतरची रेसिडेन्सी आहे: किमान १५०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवा, त्यांतले १५० तास अनुभवी मार्गदर्शकासोबत. या शाखेतील पहिले प्रमाणित तज्ज्ञ तेथे २००९ साली तयार झाले. भारतात वाट वेगळी आहे. फिजिओथेरपीच्या पदवीनंतर एमपीटी ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी करायची आणि तीत प्रबंध लिहायचा. महाराष्ट्रात स्त्री-आरोग्याचा विषय बहुधा सामुदायिक फिजिओथेरपीत, वृद्धांच्या व कामगारांच्या आरोग्याशेजारी शिकवला जातो. एवढ्या नाजूक कामाला ही जागा अपुरी आहे.

या विषयाचे वेगळे प्रशिक्षण सुरू करायचे, तर पनवेल परिसरात त्याला लागणारी रुग्णसेवा हाताशी आहे. कामोठ्याला महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय, रुग्णालय आणि फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. तेथे प्रसूती विभाग आणि फिजिओथेरपी विभाग यांत रेसिडेंटला आलटून-पालटून काम देता येईल: गरोदरपणातील कंबरदुखी, सिझेरियननंतर पहिल्याच दिवशी अंथरुणातून उठवणे, पोटाच्या स्नायूंमधली फट बोटांनी मोजणे. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोगावरील उपचार व संशोधनाचे केंद्र आहे. स्तनाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी काढल्यावर काही स्त्रियांच्या हाताला सूज येते. त्या हाताचा घेर ठराविक अंतरांवर टेपने मोजणे, थरांची पट्टी बांधणे, खांद्याची हालचाल परत आणणे आणि घरी त्वचेची काळजी कशी घ्यावी हे शिकवणे, हाही याच प्रशिक्षणाचा भाग होऊ शकतो.