जुन्या स्पोर्ट्स कारचे आपोआप लागणारे दिवे : बंद करावेत का, आणि कसे?



आपल्या बऱ्याच घरांत हल्ली दोन प्रकारच्या गाड्या दिसतात. एक रोजची, म्हणजे मुलांना सॉकरला आणि मराठी शाळेला नेणारी. दुसरी गॅरेजमध्ये कापडाखाली झाकलेली, शनिवारी हौसेने पुसली जाणारी. ही दुसरी गाडी बहुधा वीस-पंचवीस वर्षांची पाँटिअॅक फायरबर्ड नाहीतर कॉर्व्हेट असते. कॉलेजात असताना भिंतीवर जिचे चित्र लावले होते, ती आता परवडते! तिच्या मालकांकडून एक प्रश्न हमखास येतो : "हे दिवे आपोआप लागतात, ते बंद कसे करायचे?"

त्यासाठी आधी हे पाहू, की दिवे लावतो कोण.

एकाच गाडीत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली म्हणजे 'डे-टाइम रनिंग लॅम्प', दिवसाउजेडीही पुढे लागणारे दिवे. समोरच्याला तुमची गाडी दिसावी एवढाच त्यांचा हेतू. अमेरिकेत १९९३ साली त्यांना परवानगी मिळाली आणि १९९७ च्या मॉडेलपर्यंत जनरल मोटर्सने ते आपल्या सगळ्या गाड्यांत बसवले. फायरबर्ड आणि १९९७ ते २००४ ची कॉर्व्हेट (हौशी लोक तिला 'सी-फाइव्ह' म्हणतात) यांचे हेडलाइट बॉनेटमध्ये लपलेले. त्यामुळे दिवसा हे काम पुढच्या इंडिकेटरचे पिवळे दिवे करतात आणि हेडलाइट मिटलेलेच राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे अंधार पडला की हेडलाइट आणि मागचे दिवे आपोआप लावणारी यंत्रणा. ही कल्पना जुनी आहे. कॅडिलॅकने १९६० साली 'ट्वायलाइट सेंटिनल' या नावाने ती आणली होती. आपल्या गाडीत डॅशबोर्डवर, काचेच्या पायथ्याशी, बटणाएवढा एक सेन्सर असतो. त्यावर पडणारा उजेड कमी झाला की गाडी समजते, रात्र झाली. पुलाखालून जाताना दिव्यांची उघडझाप होऊ नये म्हणून ती निर्णयाला थोडा वेळ लावते.

इथेच एक गंमत. आपल्याकडे नवी गाडी आली की डॅशबोर्डवर गणपती बसतोच. तो नेमका सेन्सरवर बसला, तर गाडीच्या लेखी भर दुपारी अंधार! गाडीचे दिवे दिवसा लागत असतील तर आधी बाप्पांना, किंवा पार्किंगच्या पासाला, चार इंच सरकवून पाहा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

आता बंद करण्याविषयी. कारणे रास्त असतात. ड्राइव्ह-इन सिनेमात पुढच्या गाडीवर झोत जातो. रात्री घरासमोर गाडी सुरू ठेवली की शेजाऱ्याच्या खिडकीत उजेड. शिवाय हे लपलेले हेडलाइट मोटरने वर येतात, त्या मोटरमधले प्लॅस्टिकचे चाक झिजते आणि मग एक डोळा उघडा, एक मिटलेला, अशी गाडी दिसू लागते. (पितळी चाक बाजारात मिळते. ते बसवून घेणे दिवे तोडण्यापेक्षा शहाणपणाचे.)

थांबलेल्या गाडीसाठी सोपा उपाय खुद्द कंपनीनेच दिलेला आहे. गाडी बंद असतानाच हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग इंजिन सुरू करा. हँडब्रेक सोडेपर्यंत दिवसाचे दिवे लागत नाहीत. क्रम महत्त्वाचा आहे, आधी ब्रेक आणि मग किल्ली. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून ड्राइव्ह-इनला जाण्याआधी एकदा संध्याकाळी घरासमोर करून पाहा आणि मॅन्युअलमधले दिव्यांचे पान वाचा. मॅन्युअल हरवले असेल तर त्या सालाचे इंटरनेटवर सापडते.

काही जण हाच उपाय चालत्या गाडीत वापरतात. हँडब्रेक एक घर ओढून ठेवायचा, म्हणजे दिवे लागत नाहीत! कृपया असे करू नका. ब्रेक घासत राहतो, तापतो आणि लवकर जातो.

सेन्सरची वायर काढणे हा दुसरा लोकप्रिय प्रयोग. अनेक गाड्यांत तुटलेली वायर म्हणजे अंधार असाच अर्थ लावला जातो, म्हणजे दिवे बंद होण्याऐवजी कायमचे चालू. फ्यूज काढायचा विचार असेल तर त्याच फ्यूजवर आणखी काय काय चालते ते आधी तक्त्यात बघा. सेन्सरवर छोटा दिवा चिकटवून गाडीला कायमचा दिवस दाखवणारेही आहेत. त्याने दिवे खरेच बंद होतात, आणि माझ्या मते सर्वांत धोकादायक उपाय तोच. पुढचे पिवळे दिवे चालूच राहतात, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटते आपले दिवे लागले आहेत. मागे मात्र मिट्ट काळोख. हायवेवर मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसतच नाही. कॅनडात हा धोका ओळखून सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांसाठी नियम बदलले. जुन्या गाड्यांना ते संरक्षण नाही.

आणि सेन्सर धडधाकट असला तरी तो फक्त उजेड मोजतो, पाऊस किंवा धुके नाही. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया अशा राज्यांत वायपर चालू तर हेडलाइट चालू, असा कायदा आहे. दुपारच्या पावसात ही यंत्रणा गप्प बसू शकते, तेव्हा स्विच हातानेच फिरवावा लागतो. कायद्याचेच निघाले तर, दिवसाचे दिवे अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत सक्तीचे नाहीत, पण कॅनडात डिसेंबर १९८९ पासूनच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचे आहेत. तिकडच्या वाचकांनी त्यांना हात लावू नये.

शेवटी एक गोष्ट आईवडिलांसाठी. आपली मुले ज्या गाड्यांवर ड्रायव्हिंग शिकतात त्यात दिवे आपोआप लागतात, आणि स्विच कुठे आहे हेही कित्येकांना ठाऊक नसते. अशा मुलाच्या हातात जुनी फायरबर्ड द्याल, तेव्हा आधीच्या मालकाने काही कापाकापी केली आहे का ते तपासा. गाडी गॅरेजबाहेर काढा (बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये, विषारी वायू साठतो). ब्रेकवर घट्ट पाय, हँडब्रेक सोडलेला, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कमधून काढलेला. मग सेन्सरवर जाड कापड टाकून मिनिटभर थांबा. दुसऱ्या कोणाला तरी बाजूला, गाडीच्या वाटेत येणार नाही असे उभे करून ब्रेकचे दिवे सोडून मागचे बाकीचे लाल दिवे लागले का ते विचारा. नाही लागले तर मेकॅनिककडे जाईपर्यंत ती गाडी संध्याकाळी मुलाला देऊ नका. लागले तरी त्याला स्विच दाखवा, आणि पहिल्या आठवड्यात तो हातानेच लावायला सांगा.