शाळेचें वेळापत्रक आणि समुद्राचें

मुंबईंतील पुष्कळ मुलांस बोंबील व पापलेट यांची ओळख होते ती ताटांतच. समुद्रजीवांचा धडा शाळेंत फळ्यावर संपतो; त्याची खरी जागा म्हणजे ओहोटीनें उघडा पडणारा खडक.

तेथें केव्हां जावें? कोंकणांतला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करावी, कीं भरतीची स्थूल वेळ निघते. चतुर्थीस ३, अष्टमीस ६. त्यापुढें सुमारें ६ तासांनीं ओहोटी. भरती रोज सरासरी ५० मिनिटें मागें पडते, कारण चंद्रही तितकाच उशिरां उगवतो.

अडचण निराळीच आहे. खडक दूरवर उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत. आणि तेव्हां मुंबईस ओहोटी येते सकाळ-सायंकाळीं ६ च्या सुमारास, म्हणजे शाळा बंद असतांना! शाळेच्या सोयीची दुपारची ओहोटी भांगाची. तींत पाणी फारसें हटतच नाहीं. तेव्हां एखादे दिवशीं शाळाच पहाटेस किनाऱ्यावर भरवावी, हें माझ्या मतें उत्तम.

तेथें खडकास चिकटलेलीं कालवें दाखवावीं, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखांत बिऱ्हाड करणारा खेकडा दाखवावा. डबक्यांतलें समुद्रपुष्प हें फूल नव्हे, प्राणी आहे. त्याच्या ‘पाकळ्या’ म्हणजे भक्ष्य पकडणारे दंशक हात. उलटलेला धोंडा मात्र होता तसाच पुन्हा ठेववावा. नाहींतर त्याखालचे ओले जीव उन्हांत सुकून मरतात. आणि पाणी वळण्यापूर्वीं मुलें मोजून वर आणावीं.