अप्रतिकार, ख्रिस्ती धर्मातील

स्वतःला झालेल्या इजेची वा अपमानाची परतफेड तशाच कृतीने न करता, अपराध्याचा अंतिम न्याय ईश्वरावर सोपवून शक्य तेथे त्याचे हित साधणे, या ख्रिस्ती आचारतत्त्वास अप्रतिकार म्हणतात. क्षमा ही त्याची आंतरिक बाजू होय. अन्याय मुकाट्याने सोसणे किंवा तो घडलाच नाही असे मानणे, असा त्याचा अर्थ पुष्कळदा केला जातो. तथापि बायबलमधील मूळ आधार पाहता तो ग्राह्य ठरत नाही.

जुन्या करारातील ‘निर्गम’ व ‘लेवीय’ या ग्रंथांत इजेइतकीच शिक्षा असावी, असा दंडक आढळतो. तो सूडास उत्तेजन देणारा नसून सुडाला मर्यादा घालणारा होता. एका इजेसाठी संपूर्ण कुळाचा संहार करण्याच्या प्रवृत्तीस त्यायोगे आळा बसला. स्वजनांविरुद्ध सूड धरू नये व शेजाऱ्यावर प्रेम करावे, ही आज्ञाही ‘लेवीय’मध्येच आहे. येशू ख्रिस्ताने गिरिप्रवचनात (मत्तय, अध्याय ५) हाच धागा पुढे नेऊन शत्रूचाही प्रेमाच्या कक्षेत समावेश केला.

या प्रवचनातील गालावरील चपराकीचा दृष्टान्त सुपरिचित आहे. त्यात उजव्या गालाचा स्पष्ट उल्लेख आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारावयाचे झाल्यास ते हाताच्या पाठीमागच्या बाजूनेच मारावे लागते. असा फटका शारीरिक इजेपेक्षा मानहानीचा द्योतक असे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिशना’ या ज्यू विधिग्रंथात साध्या चपराकीबद्दल २०० झूझ (एक नाणे), तर उलट्या हाताच्या चपराकीबद्दल ४०० झूझ भरपाई सांगितली आहे. यावरून येशूच्या उपदेशाचा रोख प्राधान्याने वैयक्तिक अपमानाकडे होता, असे अनेक भाष्यकार मानतात. दुसरा गाल पुढे करणारा मनुष्य पळ काढत नाही, उलट फटकाही देत नाही. अपमानाचा व्यवहार तो आपल्यापुरता थांबवितो.

येशूचे स्वतःचे वर्तन या संदर्भात उद्‌बोधक आहे. प्रमुख याजकापुढील चौकशीत एका शिपायाने चपराक मारली असता त्याने दुसरा गाल पुढे केला नाही. आपले बोलणे अयोग्य नसेल, तर मारण्याचे कारण काय, असा प्रश्न त्याने विचारला (योहान, अध्याय १८). फिलिप्पै येथे चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलेल्या पौलानेही गुपचूप सुटून जाण्यास नकार दिला व आपल्या रोमन नागरिकत्वाचा दाखला देऊन अधिकाऱ्यांना स्वतः येण्यास भाग पाडले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६). अन्यायाला अन्याय म्हणणे अप्रतिकाराच्या आड येत नाही, हे या दोन्ही प्रसंगांतून दिसते.

क्षमेचे अधिष्ठान मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय दासाच्या दाखल्यात सापडते. ज्याला धन्याने दहा हजार तालांतांचे ऋण सोडले, तो दास सोबत्याकडून अवघ्या शंभर दिनारांची वसुली निर्दयपणे करू पाहतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे सु. ६,००० दिनार हे लक्षात घेतले, तर सोडलेले ऋण सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. हा आकडा मुद्दामच अशक्य कोटीतील आहे. दुखावलेल्याचे येणे खोटे नाही. शंभर दिनार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे. परंतु ईश्वराने आपल्याला जे सोडले, त्याच्याशी ते ताडून पाहावे, अशी येथे अपेक्षा आहे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय १२) सूड ईश्वरावर सोपविण्यास सांगितले असून लगेच पुढच्या अध्यायात राज्यसत्तेचा दंडाधिकार मान्य केला आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, याविषयी पंथोपपंथांत तीव्र मतभेद झाले. मार्टिन ल्यूथरने १५२३ मध्ये असे प्रतिपादन केले, की ख्रिस्ती मनुष्याने स्वतःसाठी प्रतिकार करू नये. मात्र शेजाऱ्याच्या रक्षणासाठी शासनाची तलवार वापरण्यास हरकत नाही. ॲनाबॅप्टिस्टांनी १५२७ च्या श्लाइटहाइम घोषणेत तलवार सर्वस्वी त्याज्य ठरविली. त्या पंथातील डर्क विलेम्स हा तुरुंगातून निसटून पातळ बर्फावरून पळत असता पाठलाग करणारा बर्फ फुटून पाण्यात पडला. विलेम्सने मागे फिरून त्याला वाचविले, पण स्वतः पकडला गेला व १५६९ मध्ये नेदर्लंड्समधील आस्पेरेन येथे त्याला जिवंत जाळण्यात आले.

इंग्रज धर्मचिंतक जोसेफ बटलर याने १७२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत या विषयाचे अधिक सूक्ष्म विवेचन केले. अन्यायाची चीड ही ईश्वरदत्त व उपयुक्त भावना आहे. स्वतःविषयीच्या पक्षपातामुळे ती प्रमाणाबाहेर वाढून द्वेषाचे रूप घेते, तेव्हाच ती पाप ठरते, असे त्याचे मत होते. नीत्शेने १८८७ मध्ये क्षमेला दुर्बळांच्या असमर्थतेचे गोंडस नाव म्हटले. विसाव्या शतकातील स्त्रीवादी धर्मचिंतकांचा आक्षेप याहून अधिक गंभीर आहे. मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना याच वचनांच्या आधारे घरात थांबण्याचा उपदेश केला गेला. दुसऱ्यावर लादलेली क्षमा ही क्षमाच नव्हे, हे त्यामुळे मान्य करावे लागते.

आधुनिक काळातील दोन घटना उल्लेखनीय आहेत. २ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात निकेल माइन्स येथील आमिश शाळेत दहा मुलींवर गोळ्या झाडण्यात आल्या व त्यांपैकी पाच मृत्यू पावल्या. मारेकऱ्याने आत्महत्या केली. त्याच दिवशी आमिश शेजारी त्याच्या कुटुंबियांच्या सांत्वनास गेले. त्याच्या दफनविधीलाही ते उपस्थित राहिले. भारतात ओरिसातील (सध्याचे ओडिशा) मनोहरपूर येथे २२–२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ग्रॅहॅम स्टेन्स हे मिशनरी व त्यांचे दोन लहान मुलगे यांना मोटारीत जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. परंतु क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, असेही २००३ मधील निकालानंतर त्यांनी स्पष्ट केले. बारीपाडा येथील कुष्ठरोग्यांची सेवा त्यांनी पुढे काही वर्षे चालू ठेवली. २००५ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ देण्यात आली.