हजिऱ्याचा थोरला मकबरा

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हजीरा म्हटले की तानसेनाचेच नाव निघते. समारोहाच्या दिवसांत आम्ही तेथे जातो, समाधीपाशी हात जोडतो, चिंचेचे पान जिभेवर ठेवतो आणि परततो. शेजारचा दगडी जाळ्यांचा भव्य मकबरा शेख महंमद गौस यांचा. त्याची चौकशी आम्ही क्वचितच करतो.

१५६३ साली निवर्तलेले हे सूफी सत्पुरुष मोठे विद्याव्यासंगी होते. 'अमृतकुंड' या योगविषयक ग्रंथावरून त्यांनी फारसीत 'बहर-उल-हयात' सिद्ध केला. शेरशहाच्या अमदानीत ते गुजरातेत गेले असता, त्यांनी वर्णिलेल्या आध्यात्मिक अनुभवांवरून अली मुत्तकी या पंडिताने त्यांच्या देहदंडाचा फतवा काढला. सुलतानाने तो अभिप्रायार्थ शाह वजीहुद्दीन अलवी यांच्याकडे धाडला. अहमदाबादेत मदरसा चालविणारे हे आचार्य आधी स्वतः गौसांना भेटले, आणि बदायुनी लिहितो की, त्यांनी तो फतवा फाडून टाकला. पुढे ते गौसांचे शिष्यच झाले!

मदरसा म्हणजे निव्वळ पाठांतर, अशी आपल्याकडे समजूत रूढ आहे. (आपल्या वेदपाठशाळांविषयी परके हेच बोलत, तेव्हा आपणांस राग येई.) अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावे जो पाठ्यक्रम रूढ झाला, त्यात व्याकरण व धर्मशास्त्राबरोबरच तर्क, तत्त्वज्ञान आणि युक्लिडची भूमितीही होती. १८६६ साली स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमने हदीसला अधिक प्राधान्य दिले आणि सरकारी अनुदानाऐवजी लोकांच्या वर्गणीवर भिस्त ठेवली. त्या स्वाभिमानाचे कौतुक वाटते. परंतु अर्वाचीन गणित-विज्ञान बहुसंख्य मदरशांत फार उशिरा शिरले, आणि कित्येकांत पुरते शिरलेच नाही, ही हानी तेथील मुलांचीच झाली, हेही म्हटले पाहिजे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशाचा मदरसा कायदा बव्हंशी वैध ठरविला. शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी शासनास नियम करता येतील, मात्र कामिल-फाजिल या उच्च पदव्यांचा अधिकार त्या कायद्याने देता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यावर आपल्या बैठकीतून हिरिरीने वाद झडले. वाद घालणाऱ्यांत एक पारसनीसही होते. दरबारचा फारसी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या पूर्वजांवरून पडलेले हे आडनाव. त्या पूर्वजांना फारसी कोणी शिकविली असेल, असे आम्ही विचारले. गृहस्थ हसले, आणि येत्या समारोहात नातवंडांना आधी थोरल्या मकबऱ्यात नेईन म्हणाले.