विणकाम : रगाड्यातून काढलेला आपला वेळ

‘छंद? आणि आम्हाला? वेळ कुठे आहे हो बाई!’ विणकामाचा विषय काढला की आपल्या वस्तीतल्या भगिनींच्या तोंडून पहिले वाक्य हेच निघते. आणि ते खोटे नाही. पहाटे उठून पाणी भरायचे, डबे करायचे, मुलांना शाळेत धाडायचे. मग कुणी इस्पितळात आया म्हणून जाते, कुणी पालिकेत झाडू हाती घेते, कुणी चार घरची धुणीभांडी करते. संध्याकाळी परत येऊन पुन्हा स्वयंपाक आहेच. अशा बाईला ‘छंद जोपासा’ असा उपदेश करणे म्हणजे तिची थट्टाच.

तरीही विणकामाबद्दल लिहावेसे वाटते, कारण हा छंद सलग वेळ मागत नाही. गाणे शिकायचे तर तासभर बसावे लागते, शिवणयंत्राला जागा लागते. विणकाम मात्र तुकड्यातुकड्यांच्या वेळात होते. भाताला शिट्ट्या होईपर्यंत दोन ओळी. मुलगा पाढे म्हणतोय तोवर चार ओळी. इस्पितळात केसपेपरच्या रांगेत नंबर येईपर्यंत तर बोटभर पट्टी सहज पुरी होते. एवढेच लक्षात ठेवावे की हातातली ओळ पुरी केल्याशिवाय काम खाली ठेवू नये. अर्ध्या ओळीवर सोडले की टाके सुईवरून निसटतात आणि नंतर कुठे होतो ते सापडत नाही.

जागेचेही तसेच. बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात सात-आठ माणसे. तिथे छंदाचे सामान कुठे ठेवणार? विणकामाला लागते एक कापडी पिशवी आणि ती अडकवायला एक खिळा. वीज नको, टेबल नको. आणि बसायला गॅलरी होतीच. नायगाव, वरळी, शिवडी, ना. म. जोशी मार्ग, कुठलीही चाळ घ्या. गॅलरी हीच बायकांची शाळा होती. एकीने टाके घातले की शेजारणीने बघून उचलले. आज चाळींच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, काही कुटुंबांना घरेही मिळाली आहेत. घर मोठे झाले याचा आनंद आहेच. पण बंद दारामागे वीण कोण कुणाला दाखवणार, हा प्रश्न मला पडतो.

गिरणगावात ‘विणकाम’ म्हटले की जुन्या माणसांना सुया आठवत नाहीत, साचे आठवतात. गिरणीच्या साचेखात्यात कापड विणले जाई आणि तिथे पगार चांगला असे. पण आपल्या माणसांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या माणसाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा! म्हणून आपल्या लोकांनी कमी पगाराच्या कताई खात्यात राबायचे. १९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. तेव्हा बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. साचेखाते आपल्या कामगारांना खुले झाले पाहिजे, हा मुद्दा त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठासून मांडला. एका धाग्याच्या टोकावरून माणसाची पोटाची वाट अडवली गेली होती, हे आजच्या मुलींना ठाऊक असावे म्हणून येथे सांगितले.

बायकांची गोष्ट वेगळी. त्या रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात असत. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामगारांचा साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढे नवी यंत्रे आली आणि त्या कमी कमी होत गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो मोडला आणि हळूहळू गिरण्याच गेल्या. मग घरातल्या बाईने संसार ओढला. कुणी खानावळ चालवली, कुणी पापड लाटले, कुणी कपड्यांना काजे-बटणे केली, कुणी तयार कपड्यांचे लोंबते धागे कापून दिले. सगळा हिशेब नगावर. डझनाला इतके, शेकड्याला इतके. त्या हातांनी आयुष्यभर दुसऱ्यासाठी मोजले. विणकामातही मोजावे लागते, पण ते टाके आपले असतात. मला विणकाम आवडते ते यासाठी.

हातविणकाम ही आपल्याकडची फार जुनी कला नव्हे. लोकर आणि दोन सुया घेऊन विणणे आपल्याकडे रुजले ते एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून. पुढे ते शाळांच्या ‘शिवण-विणकाम’ तासात आले आणि बायकांच्या मासिकांत नमुने छापून येऊ लागले. १९६२ साली चीनचे युद्ध झाले तेव्हा देशभरच्या बायकांनी बर्फात लढणाऱ्या जवानांसाठी स्वेटर विणले. त्या काळी ज्या मुली शाळेत होत्या, त्या आज आज्या आहेत. त्यांना विचारा, सुया कशा धरायच्या ते सांगतील.

क्रोशाचे दिवस तर अजून पुष्कळांना आठवत असतील. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब एवढे आले की घर सजले! दाराला तोरण, माठावर झाकण, रेडिओवर रुमाल आणि मग टीव्हीवर मोठा रुमाल. आता टीव्ही भिंतीला चिकटला. रुमाल ठेवायचा कुठे?

‘मुंबईच्या उकाड्यात लोकर कशाला?’ असेही कुणी विचारील. पण लोकर फक्त थंडीसाठी नसते. पहिले कारण तान्हे बाळ. बाळाच्या अंगाच्या मानाने डोके मोठे असते आणि तिथून ऊब लवकर जाते. म्हणून परळच्या वाडिया इस्पितळात काय किंवा गावच्या दवाखान्यात काय, बाळ-बाळंतिणीच्या पिशवीत टोपडे आणि पायमोजे लागतातच. शिवाय गावी राहिलेली म्हातारी माणसे आहेत, घाटावरची थंडी आहे. डिसेंबरात चैत्यभूमीला लांबून येणारी माणसे लेकरे घेऊन शिवाजी पार्कवर रात्र काढतात. पहाटेचा समुद्रावरचा वारा लहानग्यांच्या कानांना चांगलाच लागतो.

टोपडे हे शिकायला सर्वांत सोपे. आधी नुसती सुलट वीण आणि उलट वीण यावी, म्हणजे झाले. मध्यम जाडीची मऊ लोकर घ्या. १२ नंबरच्या सुयांवर ७२ टाके घाला. (सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नव्याने शिकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) एक सुलट, एक उलट अशा आठ ओळी विणा; ही झाली ताणणारी बॉर्डर. मग १० नंबरच्या सुया घेऊन एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणत जा. बॉर्डरसकट एकूण १० सेंटिमीटर उंची भरली की टाके कमी करायचे. सात टाके सुलट आणि दोन टाके एकत्र, असे ओळभर करा. ६४ टाके उरतील. पुढची ओळ साधी उलट. त्यापुढच्या सुलट ओळीत सहा टाके आणि दोन एकत्र. असे प्रत्येक सुलट ओळीत मधला एक टाका कमी करीत जा. शेवटच्या सुलट ओळीत दोन-दोन टाके एकत्र केले की सुईवर आठ टाके राहतात. धागा तोडून तो मोठ्या सुईने त्या आठांतून ओवून घट्ट ओढा आणि बाजू शिवून टाका. गळ्याशी बांधायला लांब नाडी लावू नका, ती बाळाला अडकू शकते. आणि आपल्या उकाड्यात टोपडे चोवीस तास घालून ठेवायचे नसते. बाळाला घाम आला की काढावे.

लोकर घेताना भुलू नये. दादरला रानडे रोडच्या आसपास रंगीबेरंगी गुंडे बघून हात थांबत नाही. पण बाळासाठी केसाळ लोकर नको. तिचे तंतू नाकातोंडात जातात. शुद्ध लोकर महाग, धुवायला नाजूक आणि पावसाळ्यात कसर लागण्याची भीती. कॅशमिलॉनसारखी कृत्रिम लोकर स्वस्त आणि धुवायला सोपी; रोजच्या वापराला तीच बरी. तिला इस्त्री मात्र लावू नये. एका कामाला लागेल तेवढी लोकर एकदमच घ्यावी. कागदी पट्टीवर रंगाच्या घाणीचा नंबर असतो, तो सगळ्या गुंड्यांचा एकच आहे ना ते पाहावे. नाहीतर अर्ध्या स्वेटरवर रंग बदललेला दिसतो.

आणि नवी लोकर घेतलीच पाहिजे असे कुठे आहे? आपल्या आयांनी एकच लोकर तीनदा विणली. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की शिवण उसवायची, धागा ओढत खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळायची, चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात धुवायची आणि खाली हलके वजन लावून दोरीवर टांगायची. वळ्या सुटतात, लोकर सरळ होते. मग एकाने दोन्ही हातांवर लडी धरायची आणि दुसऱ्याने गुंडा करायचा. हे काम घरातल्या पुरुषांना द्यावे. निदान अर्धा तास एका जागी बसतील आणि बोलतीलही.

पुरुषांचा विषय निघालाच आहे तर सांगते. विणणे हे बायकांचेच काम, हा समज खरा नाही. युरोपात एके काळी विणकरांचे संघ पुरुषांचे होते. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात टाकिले नावाचे बेट आहे. तिथे टोप्या पुरुष विणतात आणि मुलगे लहानपणीच शिकतात. युनेस्कोने २००५ साली त्या बेटाच्या वस्त्रकलेचा गौरव केला. आपल्याकडे तर ज्यांचा जन्म सुतात गेला असे निवृत्त गिरणी कामगार घरोघरी आहेत. त्यांच्या बोटांना तुटलेला धागा जोडायला शिकवावे लागणार नाही.

आता सगळ्यांत नाजूक प्रश्न. चार वस्तू चांगल्या झाल्या की घरचेच म्हणतात, ‘विकत का नाहीस? चार पैसे येतील.’ पैसे कुणाला नको असतात? पण हिशेब नीट करून पाहावा. मोठ्या माणसाचा स्वेटर विणायला फावल्या वेळात महिना-दीड महिना जातो. हिवाळ्यात परळला तिबेटी निर्वासित बंधू-भगिनी स्वेटर विकायला बसतात, त्यातले बहुतेक लुधियानाच्या कारखान्यांतून येतात. यंत्राच्या त्या किमतीशी हाताची स्पर्धा होऊच शकत नाही. त्या भावात विकले तर आपल्या तासाला चहाचेही पैसे पडत नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत असे की विकायचेच असेल तर टोपडे-मोजे अशा लहान वस्तू, ओळखीच्यांना, आपल्या किमतीला विकाव्या. ठेकेदाराच्या नगावर विणू नये. दिवसभर दुसऱ्यांची कामे करणाऱ्या बाईने उरलेला अर्धा तासही भावाने विकला तर तिच्यापाशी राहिले काय?

द्यायला मात्र पुष्कळ जागा आहेत. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया झालेल्या बायकांसाठी मऊ सुती धाग्याचे विणलेले कृत्रिम स्तन करण्याचे काम मुंबईत ‘साईशा इंडिया फाउंडेशन’ करते. हौशी बायका ते विणतात आणि गरजू बायकांना ते विनामूल्य मिळतात. बाजारातले सिलिकॉनचे महाग आणि जड. हे हलके, घामात सुसह्य आणि धुता येणारे. टाटा इस्पितळाच्या दाराशी गावोगावहून आलेल्या आयाबहिणी आपण रोज पाहतो. त्यांच्यातल्या कितीजणींना अशी सोय असते हे माहीतही नसते. वाचून कुणी एकीला सांगितले तरी पुष्कळ झाले.

शरीराचीही काळजी घ्यावी. मान खाली घालून तास न् तास विणले की खांदे भरून येतात. अर्ध्या तासाने उठावे, बोटे ताणावी. गडद काळी लोकर रात्रीच्या दिव्याखाली विणू नये, टाके दिसत नाहीत. लोकलच्या लेडीज डब्यात विणणाऱ्यांनी लांब सुयांऐवजी वायरने जोडलेली गोल सुई घ्यावी. गर्दीत ती कुणाला टोचण्याची भीती कमी. काम थांबवताना सुयांच्या टोकांना रबर किंवा बुचाचा तुकडा लावावा.

ज्या वस्तीत महिला मंडळ आहे तिथे एक काम सहज जमेल. रविवारी विहारात जमतोच. घरोघरी उरलेल्या लोकरीचे लहान-मोठे गुंडे पडून असतात, ते एकत्र करा. प्रत्येकीने २० सेंटिमीटरचे चौकोन विणायचे, रंग कोणताही. बाराजणींनी चार-चार केले की ४८ चौकोन होतात. सहा आडवे, आठ उभे असे जोडले की १२० बाय १६० सेंटिमीटरचे पांघरूण तयार. लोकर एकाच जाडीची हवी, नाहीतर चौकोन लहान-मोठे होतात. जोडताना सगळे चौकोन आधी जमिनीवर मांडून घ्यावे आणि शिवण सैल ठेवावी. घट्ट ओढली तर पांघरुणाला सुरकुत्या पडतात.