परदेशी निघालेल्या लेकीच्या कामाचं काय?

बचत गटाच्या बैठकीत हल्ली हप्ते आणि कर्जाबरोबर एक नवा प्रश्न निघतो. कुणाची लेक लग्न होऊन अमेरिकेला निघालेली असते, कुणाला लेकीच्या बाळंतपणाला जायचं असतं. मग आम्हाला विचारतात, "ताई, इथं ती ऑनलाइन शिकवण्या घेते. तिकडं घरी बसून घेतल्या तर चालेल ना?" याचं उत्तर आज समजून घेऊ.

व्हिसा म्हणजे नुसती त्या देशात शिरायची परवानगी नव्हे. तिथं राहून काय करायचं आणि काय नाही, हेही त्यातच ठरतं. आपल्याला वाटतं, पैसे इथल्या खात्यात येणार, मग तिथल्या सरकारचा काय संबंध? पण माणूस कुठं बसून काम करतं, हे व्हिसाला आणि कराला, दोन्हीला महत्त्वाचं असतं.

अमेरिकेचं बघा. नवरा 'एच-१बी' व्हिसावर नोकरीला असेल, तर बायकोला 'एच-४' मिळतो. त्यावर तिला शिकता येतं, पण नुसत्या त्या व्हिसावर कमावता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत गेलं असेल, तर २०१५ पासून बायकोला कामाचा वेगळा परवाना मागता येतो. तो हातात पडल्यावरच काम सुरू करायचं. नवरा कंपनीच्या बदलीवर 'एल-१' व्हिसाने गेला असेल, तर बायकोला काम करता येतं.

ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला नोकरी करता येते, स्वतःचा धंदाही काढता येतो. पण लेक स्वतः विद्यार्थी व्हिसावर गेली असेल, तर तिला धंदा करता येत नाही. पदवीच्या विद्यार्थिनीला कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच नोकरी करता येते. दुबईत नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईला नोकरीसाठी कामाचा परवाना लागतो आणि धंद्यासाठी लायसन्स.

आता बाळंतपणाला जाणाऱ्या आयांबद्दल. तुमचा व्हिसा पाहुणीचा असतो. लेकीसाठी डिंकाचे लाडू करा, नातवाला न्हाऊ घाला, कुणी काही म्हणणार नाही. पण शेजारच्या मराठी घरांना पैसे घेऊन चकल्या करून दिल्या, किंवा दुसऱ्याचं मूल पगारावर सांभाळलं, तर ते काम झालं. त्यापायी व्हिसा रद्द होऊ शकतो, परत पाठवलं जाऊ शकतं आणि पुढच्या वेळी नकार मिळू शकतो. चार पैशांसाठी लेकीकडं जायची वाट बंद व्हायला नको.

कामाची परवानगी असली, तरी खाण्याच्या धंद्याचे नियम वेगळे. ब्रिटनमध्ये घरून डबे द्यायचे असले तरी सुरू करण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडं नोंदणी करावी लागते. तिला पैसे पडत नाहीत. अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे निराळे आहेत. कॅलिफोर्नियात २०१३ पासून घरी केलेले, लवकर न नासणारे पदार्थ नोंदणी करून विकता येतात. भाजी-आमटीचा डबा मात्र त्या कायद्यात बसत नाही.

निघण्याआधी इथली तीन कामं उरका. लेक परदेशी राहायला जाणार असेल, तर तिचं साधं बचत खातं 'एनआरओ' खात्यात बदलावं लागतं, ते बँकेला सांगा. ती गटाची अध्यक्ष किंवा सचिव असेल, तर बैठकीत ठराव करून बँकेतल्या सह्या बदलून घ्या, नाहीतर सगळ्यांचे व्यवहार अडतील. आणि तिच्या नावावरच्या कर्जाचे हप्ते कोण भरणार, ते ठराव वहीत लिहून ठेवा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. स्थळ परदेशातलं आलं की आपण पगार विचारतो, घर विचारतो. त्याच बैठकीत हेही विचारा, "मुलीला कोणता व्हिसा मिळणार? त्यावर तिला कमावता येईल का?" उत्तर 'नाही' असेल, तर निर्णय तिला समजून-उमजून घेऊ द्या. तिथं काय शिकायचं, परवाना कधी मिळू शकेल, तोवर तिच्या हातात स्वतःचे पैसे कुठून येतील, हे लग्नाआधी बोलून घ्या. नियम बदलत असतात, म्हणून एजंटच्या तोंडी शब्दावर न जाता त्या देशाच्या वकिलातीच्या किंवा सरकारच्या संकेतस्थळावर खात्री करा. गटातल्या शिकलेल्या मुली ते वाचून दाखवतील. जी बाई गटात स्वतःच्या सहीने पैसे काढायला शिकली, तिच्या लेकीला परदेशात दर पैशासाठी हात पसरावा लागू नये, एवढंच आमचं म्हणणं.