‘चरबीची गाठ’ आणि माझा चुकलेला तक्ता

पाठीवर किंवा कानामागे वाटाण्याएवढी गाठ आली की घरात कोणीतरी सांगतंच, "चरबीची गाठ आहे, काही होत नाही." काही होत नाही हे बहुतेक वेळा खरं ठरतं. चरबीचं मात्र नेहमी खरं नसतं. केसपेपरवर लिहितात ‘सेबेशियस सिस्ट’, म्हणजे तेलग्रंथीची गाठ. तेही चूकच!

यातल्या बऱ्याचशा गाठी एपिडर्मॉइड सिस्ट असतात. केस ज्या नळीतून बाहेर येतो तिच्या वरच्या भागातल्या पेशी आत अडकतात आणि तिथेच केराटिन टाकत राहतात. दाबल्यावर येणारा पांढरट, वास मारणारा लगदा म्हणजे हे केराटिन. डोक्यावरची गाठ असेल तर अनेकदा पायलर सिस्ट निघते. ती त्याच नळीच्या जरा खालच्या भागातून होते आणि काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली बघा: एपिडर्मॉइडच्या भिंतीत कणीदार थर असतो, पायलरमध्ये सहसा नसतो.

पण तिथवर किती गाठी पोचतात? निदान बहुतेक वेळा डोळ्यांनी आणि बोटांनीच होतं. गाठीवर बारीक काळा ठिपका दिसला, की एपिडर्मॉइड जवळपास नक्की. ठिपका नाही, मऊ आहे आणि बोटाखालून सटकते, तर लायपोमा (ही मात्र खरी चरबीची). शंका आली तर सोनोग्राफी. लहान मुलाच्या नाकाच्या मधोमध गाठ असेल तर स्कॅनशिवाय सुरी लावत नाहीत, कारण ती डर्मॉइड असू शकते आणि कधीकधी तिचा धागा कवटीच्या आतपर्यंत जातो.

आता तुमच्या कामाचं. पहिल्या वर्षी मी जुन्या नोंदींतून तक्ता केला आणि पॅथॉलॉजीच्या अहवालांवरून ‘सिस्ट वाटलेल्या गाठींत कर्करोग किती’ याची टक्केवारी काढली. गाइडनी एकच विचारलं, "पॅथॉलॉजीला पाठवल्या कोणत्या?" मी गप्प. समजा 1000 गाठी आल्या, त्यातल्या संशयास्पद 200 तपासायला गेल्या आणि 2 कर्करोगाच्या निघाल्या. मी लिहिणार 1 टक्का. बाकीच्या 800 निर्धोक असतील तर खरा आकडा 0.2 टक्के. आणि त्या 800 मध्ये एखादी सुटली असेल तर? ते माझ्या आकड्यातून कधीच कळणार नाही. याला पडताळणीचा पूर्वग्रह म्हणतात. ‘प्रत्येक गाठ पॅथॉलॉजीला पाठवावी का’ हा वाद असल्याच आकड्यांवर चालतो, आणि त्यावर पेशंटचा खर्चही ठरतो, हुकलेलं निदानही.

माझ्या तक्त्यात आता दोन वेगळे रकाने आहेत: डॉक्टरांनी बघून लिहिलेलं निदान आणि पॅथॉलॉजीचं निदान. दुसरा रकाना बऱ्याच ओळींत रिकामा आहे. पूर्वी तिथे मी पहिल्याचंच उत्तर उतरवायचे. आता रिकामाच ठेवते.